दुधीवर बसवलेला हात

मी रक्त दिलं ते स्टीलच्या डब्यासाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे मी फार थोर वाटायचे.

सव्वीस जानेवारीला डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगखाली रक्तदान शिबिर असतं. देणाऱ्याला कॉफी, बिस्किटं आणि घट्ट झाकणाचा डबा मिळतो. मागच्या दोन वर्षांचे दोन डबे होते, तिसरा आला की चहा, साखर आणि रवा अशी फळीवर रांग लागली असती. वय एक्कावन्न, वजन भरपूर. तिथला डॉक्टर म्हणाला, "मावशी, तुमचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चांगलंय." ते वाक्य मी दोन दिवस मिरवत फिरले.

नवव्या दिवशी रक्तपेढीतून फोन आला. बाई फार गोड बोलत होती. "मालनताई, जरा येऊन भेटाल का? फोनवर नाही सांगता येत." जे फोनवर सांगता येत नाही ते चांगलं नसतं, एवढं मला कळतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. बाकीचं वाचन बाळंतिणींच्या घरी, बाळ झोपेपर्यंत, त्यांच्याकडच्या जुन्या पेपरांवर झालं.

माझं कामच ते. बाळ-बाळंतिणीची मालीश, बाळाची आंघोळ, शेक, धुरी. सत्तावीस वर्षं झाली. मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला पायांवर आडवं घ्यायचं. बाळ एकदा पायावर आलं की रडणं कशाचं आहे ते माझ्या पोटऱ्यांना कळतं. भुकेचं रडणं वेगळं लागतं, पोटात वात धरल्याचं वेगळं. आंघोळ घालताना माझं एक ठरलेलं पुटपुटणं आहे, कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच जुळवलेलं: "पाय चालायला, हात वाढायला, पाठ टेकायला, डोळे आईला बघायला."

आणि बाळंतिणीला हसवणं. तेही कामातच येतं. रात्रभर जागलेल्या, टाके दुखणाऱ्या, सासूच्या धाकातल्या पोरी असतात. त्यांना दिवसातून एकदा हसू आलं पाहिजे. त्यासाठी माझ्याकडे चार गोष्टी तयार असतात. सगळ्यात चालणारी म्हणजे डोकावणाऱ्या म्हाताऱ्याची. कळव्याच्या एका चाळीत कलावतीच्या सुनेच्या बाळाला मी न्हाऊ घालायचे. मोरी दाराशीच, नुसता अर्धा पडदा. बाहेर गॅलरीत रोज एक म्हातारा येऊन उभा राहायचा. हातात रिकामी बादली. पाणी भरायला जायचं सोडून मान लांब करून आत बघायचा. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "काय हो म्हातारबा, आंघोळ बाळाची चाललीय, तुमचा नंबर नाही आज!" सगळी चाळ हसली. म्हातारा बादली घेऊन असा पळाला की चप्पल तिथेच राहिली.

ही गोष्ट मी तीसेक घरांत तरी सांगितली असेल. चपलेला हमखास हशा.

तर रक्तपेढीने मला ठाण्याला सरकारी केंद्रात पाठवलं. तिथे परत रक्त घेतलं. काउन्सेलर प्रीती मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, म्हणजे मुलगी असती तर. त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसल्या. टेबल मध्ये ठेवलं नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"मावशी, एचआयव्हीच्या तीन तपासण्या केल्या. दोन हो म्हणतायत, एक नाही म्हणतेय."

"मग बहुमत झालं की."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "इथे बहुमत चालत नाही. तिन्हींचं एकमत पाहिजे. आत्ता मी तुम्हाला पॉझिटिव्ह पण म्हणत नाही आणि निगेटिव्ह पण म्हणत नाही. एकवीस दिवसांनी, गुरुवारी या. परत रक्त घेऊ, रिपोर्ट त्याच दिवशी. तेव्हाही कळलं नाही तर मोठ्या लॅबला पाठवू. पुष्कळदा काहीच निघत नाही शेवटी."

"आणि निघालं तर?"

"तर गोळ्या सुरू करायच्या. गोळ्या घेऊन लोक म्हातारे होतात, मावशी. मिस्टरांनाही तपासणीला पाठवा. आणि रिपोर्ट येईपर्यंत घरी जरा..."

"मॅडम, तो माजिवड्याला वॉचमन आहे. कायमची रात्रपाळी. घरी बरीच वर्षं 'जरा'च चाललंय."

आता त्या मोकळ्या हसल्या. मीही हसले. हसता हसता मी विचारलं, कारण हसताना विचारलं की उत्तर कमी लागतं, "मी बाळांना आंघोळ घालते. ते बंद करू ना?"

"का? आंघोळीने, मालीशने, हात लावल्याने काही होत नाही. पॉझिटिव्ह निघालात तरी होत नाही. बोट कापलं असेल तर पट्टी लावायची, ती कुणीही लावावी. आणि कुणाला सांगायची तुमच्यावर सक्ती नाही."

"हे आता नवीन निघालं का?"

"नाही हो. पहिल्यापासून असंच आहे."

बाईने मला सोडवण्यासाठी सांगितलं ते. मी मात्र त्या खुर्चीत आणखी खाली गेले. कारण पहिल्यापासून म्हणजे तेरा वर्षांपूर्वीही असंच होतं.

तेरा वर्षांपूर्वी त्याच कळव्याच्या चाळीत, कलावतीच्या भिंतीला भिंत लागून, दीप्ती राहायची. पंचविशीची पोर. आई नव्हती तिला. नवरा महेंद्र कारखान्यात कामाला, घरात सासरा, तीन माणसं. मुलगी झाली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पोट फाडून बाळंतपण झालेलं, तिला धड वाकता येत नव्हतं. तीन दिवस मी गेले. बाळ गुणी होतं, पायावर आलं की गप्प पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, दीप्ती बाळाला ड्रॉपरने कसलं तरी औषध मोजून पाजतेय. मी सहज विचारलं, "कसलं गं हे?"

ती खोटं बोलू शकली असती. टॉनिक म्हणाली असती तर मी पुढे काही विचारलं नसतं. पण ती म्हणाली, "मावशी, तुमचा हात माझ्या अंगाला लागतो, तुम्हाला सांगितलेलं बरं. मला एचआयव्ही आहे. बाळाला होऊ नये म्हणून हे औषध आहे. डॉक्टर म्हणाले मालीशने कुणाला काही होत नाही."

मी म्हटलं, "असू दे असू दे." बाळाला धुरी दिली, टाळूवर तेल घातलं, चहा न घेता उठले. घरी येऊन कोपरापर्यंत डेटॉलने हात धुतले, कातडी सोलेपर्यंत. दुसऱ्या दिवशी कलावतीच्या हाती निरोप पाठवला की माझे गुडघे धरलेत, मला बसता येत नाही.

आणि त्याच सकाळी, त्याच वेळेला, भिंतीपलीकडे कलावतीच्या मोरीत बसून तिच्या नातवाला न्हाऊ घातलं.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. कळव्यात मालीश करणाऱ्या आणखी दोघी होत्या. त्यांच्या कानावर घातलं. "हात जपा गं," म्हटलं. मला तेव्हा वाटलं मी त्यांचं भलंच केलं. दीप्तीकडे मग कुणीच गेलं नाही.

आणि तो डोकावणारा म्हातारा म्हणजे दीप्तीचा सासरा. आबा म्हणायचे त्याला सगळे. गोष्ट सांगताना हे मी कधी सांगितलं नाही. गोष्टीला ते लागतही नव्हतं.

घरी आल्यावर मी नाथाला सांगितलं. नाथा म्हणजे आमचे वॉचमन. तो जेवत होता. घास हातात तसाच राहिला.

"मी काही केलेलं नाही," तो म्हणाला.

"मग मी केलंय का?"

तीस वर्षांच्या संसारात एवढा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे आम्ही पहिल्यांदाच बघितलं असेल. दुसऱ्या दिवशी तो ठाण्याला जाऊन रक्त देऊन आला. त्याचं निगेटिव्ह. आनंद झाला, पण तो दाखवायचा कसा ते त्याला कळेना. येताना त्याने नवा नेलकटर आणलेला. माझ्या कामात नखं रोज कापावी लागतात आणि आमच्याकडे दोघांत एकच होता. नवा माझ्यासाठी आणला की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही.

काम चालूच ठेवलं. तेव्हा माझ्याकडे रचनाचं घर होतं, पत्रीपुलाच्या अलीकडे, चौथा मजला. रचनाचं पहिलंच बाळंतपण, तेही पोट फाडून. बाळाचं बारसं झालेलं, देवेश नाव ठेवलेलं. घरात नवरा साईनाथ, तो घरूनच लॅपटॉपवर काम करायचा, आणि सासू शांताबाई. शांताबाईंचा माझ्यावर फार जीव. "मालनचा हात लागला की लेकरू दोन तास हलत नाही," असं साऱ्या मजल्याला सांगायच्या.

मी रोज जायचे आणि सांगायचे नाही. प्रीती मॅडमनी सांगितलेलंच होतं, सक्ती नाही. पण मोरीत पाय लांब करून बसले की देवेशच्या डोक्याखालच्या माझ्या तळहाताकडेच लक्ष जायचं. नखाकडेला कुठे फट नाही ना, कुठे लाल नाही ना. काही होत नाही हे ठाऊक असूनही बघत राहायचे. सत्तावीस वर्षांत मी कधी हातांकडे बघितलं नव्हतं, हात आपले काम करत होते.

एक दिवस शेजारच्या दोघी बाळ बघायला आल्या. शांताबाई म्हणाल्या, "मालन, ती म्हाताऱ्याची सांग की! ह्यांनी नाही ऐकलेली."

मी सांगितली. बादली, मान, माझं ओरडणं, चप्पल. बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. रचना टाक्यांवर हात दाबून म्हणाली, "मावशी बास, दुखतंय." आणि मला वाटलं, उद्या हेच हसणारं घर माझी कुठली गोष्ट करील? त्यात काय काय लागेल आणि काय गाळतील?

त्या दुपारी मी कलावतीला फोन लावला. ती अजून कळव्यालाच असते.

"दीप्तीचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?"

"कुठली दीप्ती? आपली भिंतीपल्याडची? ती गेली विठ्ठलवाडीला, दहा वर्षं झाली. तुला कशाला पाहिजे? आता काय मालीश करणारेस तिची?"

"तसंच समज."

"उशीर केलास थोडा," कलावती म्हणाली, पण पत्ता दिला.

रविवारी गेले. कल्याणहून शेअर रिक्षा, मग विचारत विचारत. बैठ्या घरांची ओळ, दाराशी तुळस नाही पण कोरफडीच्या चार कुंड्या, आत शिलाई मशीनचा आवाज. दीप्ती शाळेचे युनिफॉर्म शिवत होती. अंगाने भरलेली, चष्मा लागलेला, केसांत एक पांढरी बट. तिने मान वर केली. मला ओळखायला तिला एक टीप मारायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"मालन मावशी," ती म्हणाली. मग मशीनवरचा पाय न काढता, "गुडघे कसे आहेत?"

मी दारातच उभी. "बरे आहेत. तेव्हाही बरेच होते."

"माहितीये. भिंतीपलीकडे फतकल मारून बसलेल्या असायच्या, ऐकू यायचं सगळं."

बसा म्हणाली नाही, पण स्टुलावरचे कपडे उचलले. मी बसले. येताना चार वाक्यं जुळवून आणलेली, ती सगळी रिक्षात राहिली असावीत. मी सरळ सांगितलं, शिबिर, फोन, दोन हो, एक नाही, गुरुवार.

"म्हणजे अजून कळलंच नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे नुसत्या भीतीने आलात."

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं. "बरं झालं खरं बोललात. तुझी आठवण आली वगैरे म्हणाला असतात तर चहा पण विचारणार नव्हते." आणि उठून चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत मी विचारलं, "तुझं बाळ?"

"सान्वी. तेरा वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना शेवटची तपासणी झाली, निगेटिव्ह. तेव्हा पेढे वाटावेसे वाटले होते, पण कशाचे म्हणून सांगणार लोकांना?" तिने आलं ठेचलं. "मी ठीक आहे. रोजची गोळी. साखरवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त गोळ्या असतात. हे पण ठीक आहेत, कामावर गेलेत."

"आणि आबा?"

"आबांना दोन वर्षं झाली."

भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आबांचा फोटो होता. मी आत आल्यापासून त्याच्याकडे बघायचं टाळत होते, माणूस जिवंत असेल या आशेवर.

"त्यांचीही माफी मागायची होती," मी म्हटलं. "मी त्यांच्यावर एकदा ओरडले होते. सगळ्या चाळीदेखत."

"डोकावले म्हणून?"

"तुला माहितीये?"

"मावशी, ते शिकायला उभे राहायचे."

मला पटकन कळलं नाही. ती गॅस बारीक करून माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"मला वाकता येत नव्हतं. ह्यांना सुट्टी नव्हती. दुसऱ्या दोघींना विचारलं, त्यांचेही गुडघे एकदम धरले. मग आबा म्हणाले, मी बघून येतो. रोज एक बघायचं, असं ठरवलेलं त्यांनी. एक दिवस पाणी. बादली कुठपर्यंत भरता ते बघून आले आणि आमच्या बादलीला आतून खडूने खूण केली. एक दिवस पाय. एक दिवस हात. घरी येऊन लेंगा गुडघ्याच्या वर गुंडाळायचे, पाटावर बसायचे आणि पायावर दुधी घ्यायचे."

"काय घ्यायचे?"

"दुधी. दुधी भोपळा. बाळाला हात लावायची भीती वाटायची ना. दुधीवर हात बसवला त्यांनी. पहिल्या दिवशी दुधी सटकला आणि मोरीत दोन तुकडे. माझी तर वाचाच गेली. आबा म्हणाले, बरं झालं, आज कळलं कुठे निसटतं ते. संध्याकाळी त्याचीच भाजी केली."

ती हसली. मलाही हसू आलं.

"मग पाठीचा दिवस आला," दीप्ती म्हणाली. "बाळाला पालथं कसं घेतात, मान कुठे धरतात, हे बघायचं होतं. त्या दिवशी तुम्ही ओरडलात. परत नाही गेले ते. चप्पल पण मीच दुसऱ्या दिवशी आणली, भिंत धरून चालत. सान्वीला त्यांनी कधी पालथं घेतलंच नाही. हात धजला नाही त्यांचा. पाठ कायम उभं धरून धुतली, मी समोरून धरायची आणि ते मागून पाणी घालायचे. सहा महिने."

चहा उतू गेला. तिने फडक्याने पुसला, उरलेला दोन कपांत ओतला.

तेवढ्यात सान्वी आली, क्लासची बॅग पाठीवर, उंच, सडसडीत. मी तिच्या पाठीकडेच बघितलं. सरळ होती, छान होती, काही कमी नव्हतं तिच्यात.

"ह्या कोण?" तिने विचारलं.

"ह्या त्या. 'पाय चालायला'वाल्या," दीप्ती म्हणाली.

"अरे! आबांचं गाणं?" पोरगी बॅग टाकत चालीवर म्हणाली, "पाय चालायला, हात वाढायला, डोळे आईला बघायला." आणि फ्रिज उघडून उभी राहिली.

मी वाट बघत होते. मग कळलं की ते तेवढंच आहे. मला एक ओळ जास्त माहीत होती, पाठीची.

निघताना दीप्ती दारापर्यंत आली. "जिथे कामाला जाता तिथे सांगितलंत?"

"मॅडम म्हणाल्या सक्ती नाही."

"नाहीच आहे. निगेटिव्ह आलं की सांगाल चार घरी, गंमत म्हणून. काय घाबरले होते गं मी, वगैरे."

"आत्ता सांगू म्हणतेस?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मी सांगितलं होतं."

परत या असं ती म्हणाली नाही. मी चार पावलं गेल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं.

सोमवारी मी रचनाकडे गेले आणि काही बोलले नाही. हेही लिहून ठेवते. तोंडापर्यंत आलं आणि शांताबाईंनी लाडू पुढे केला, मी लाडू खाल्ला.

आज मंगळवार. सकाळी गेले तेव्हा पाणी तापलेलं, तेल कोमट केलेलं, देवेश दुपट्यात हातपाय मारत होता. मी पाट घेतला नाही. रचनाला आणि शांताबाईंना म्हटलं, "ती म्हाताऱ्याची गोष्ट मी चुकीची सांगितली होती. आज नीट सांगते."

पहिल्यापासून सांगितली. औषधाचा ड्रॉपर, गुडघे, दोघींचे कान, बादलीतली खडूची खूण, दुधी, पाठ. हसायच्या जागी कुणी हसलं नाही. रचनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओल्या बाळंतिणीचं काय, तिला जाहिरात बघूनही येतं.

शांताबाई म्हणाल्या, "पण मालन, तुझं तरी काय चुकलं? कुणीही घाबरलंच असतं. लहान लेकरांत हात घालायचा तुला."

"म्हणूनच सांगतेय," मी म्हटलं. "माझाही रिपोर्ट अडकलाय. तोच. गुरुवारी कळेल. आज देवेशला हात लावायच्या आधी सांगतेय. पण खरं म्हणजे एकोणीस दिवस न सांगता लावलाय."

शांताबाई उठल्या, देवेशला दुपट्यासकट उचललं आणि छातीशी धरलं. मुद्दाम केलं असं नाही, हातांनीच केलं. मला त्यांचा राग आला नाही, ते हात मला चांगले ओळखीचे होते. मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी काय म्हणते, दोन-चार दिवस राहू दे. आम्ही सगळे जरा बदलापूरला जाऊन येणार आहोत."

सव्वा महिना झालेला नाही, पोटाचे टाके ओले, आणि निघाले बदलापूरला. माझे गुडघे आणि त्यांचं बदलापूर एकाच गावचे.

"आई, आपण कुठे जातोय?" रचना म्हणाली.

शांताबाईंनी देवेशचं दुपटं नीट केलं.

"मावशी, हाताने होत नाही ना?" रचनाने मला विचारलं.

"होत नाही. पण माझ्या तोंडचं धरू नकोस. हा मॅडमचा नंबर, तू स्वतः विचार. तुझ्या डॉक्टरांनाही विचार. तोवर मी हात लावत नाही."

तिने नंबर घेतला. आतल्या खोलीतून साईनाथ बाहेर आलेला, कानात ते वायरचं लटकतंय, ऐकलं असावं सगळं. कुणाला काय बोलावं कळेना. देवेशला कळलं. रोजची आंघोळीची वेळ झालेली, त्याने सूर लावला.

"पाणी गार होतंय," मी म्हटलं. "शांताबाई, घरात दुधी आहे?"

"आँ?"

"दुधी. कालच आणलेला पाहिला मी, ओट्याखाली."

साईनाथनेच आणला. चांगला हातभर लांब, कोवळा, खाली थोडा बाक. मी त्याला म्हटलं, "रचनाला वाकता येत नाही. शांताबाईंची कंबर मला ठाऊक आहे. तूच बस. पँट वर घे गुडघ्याच्या."

"मी?"

"अगं बाई, पुरुष माणूस मोरीत?" शांताबाई म्हणाल्या.

"पुरुषांचे पाय लांब असतात, बाळाला जागा जास्त मिळते," मी म्हटलं.

रचना हसली, टाक्यांवर हात दाबून. साईनाथने लॅपटॉपवाल्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं, कानातलं काढून फ्रिजवर ठेवलं आणि पाटावर बसला. मी मोरीबाहेर, उंबऱ्यापाशी, हात मागे बांधून उभी राहिले. अशी उभी मी आयुष्यात कधी राहिले नव्हते. इथून मान जरा लांब केल्याशिवाय आतलं नीट दिसत नाही, हे मला आज कळलं.

"पाय जुळव. मध्ये फट नको. दुधी आडवा घे, डोकं वरच्या बाजूला. आता तांब्या, पायांपासून सुरू करायचं, एकदम डोक्यावर नाही. कोपर घालून बघ पाण्यात. हां. पाय चालायला. म्हण."

"म्हणू?"

"म्हणावं लागतं. त्याने हात हळू चालतो."

"पाय चालायला," साईनाथ कसनुसा म्हणाला. दुधीवरून पाणी ओघळलं. शांताबाई देवेशला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आत जात नव्हत्या, पुढे येत नव्हत्या, पण बघत होत्या. देवेश रडायचा थांबला होता.

"हात वाढायला," मी म्हटलं.

"हात वाढायला."

"आता पालथं. थांब, घाई करू नकोस. हे नीट बघ. डावा तळवा छातीखाली, दोन बोटं हनुवटीशी, नाक मोकळं पाहिजे. असा. आता वळव." दुधी सटकला. त्याने मांड्यांत धरला. "सटकू दे. पुन्हा. कुठे निसटतं ते कळलं ना? पुन्हा घे."

त्याने पुन्हा घेतला.